बधिरांध प्रौढासाठी केंद्र बरं, घरी येणारा शिक्षक की सोबतीचा माणूस?

बधिरांध, म्हणजे ऐकणं आणि दिसणं दोन्ही गेलेल्या किंवा मंदावलेल्या माणसासाठी सेवा निवडताना घरचे आधी अंतर आणि फी बघतात. त्याआधी एक गोष्ट बघा: पहिलं काय गेलं, ऐकणं की दिसणं? अशर सिंड्रोम या आनुवंशिक आजारात माणूस बहुधा जन्मतःच बहिरा असतो किंवा त्याला कमी ऐकू येतं, नजर पुढे हळूहळू आक्रसत जाते. तो खुणांच्या भाषेत वाढलेला असेल, तर त्याच खुणा हातात हात धरून चालू ठेवायच्या, आणि त्याची सवय थोडं दिसतंय तोवरच लावायची. आधीपासून अंध असलेल्याला ब्रेल येत असेल तर तेच हाताशी असतं. म्हातारपणी दोन्ही मंदावलं असेल तर आधी मोतीबिंदू आणि श्रवणयंत्र तपासून घ्या, मग तळहातावर अक्षरं गिरवून बोलायला लागा.

मुंबईत १९७७ पासून हेलन केलर इन्स्टिट्यूट बधिरांधांसाठी काम करते आहे. अशा केंद्राचा मोठा लाभ म्हणजे आपल्यासारखी माणसं भेटतात आणि हातांना काम मिळतं. अडचण रोज ने-आण करण्याची. प्रवेशाआधी तासभर तिथे बसा. कर्मचारी जवळ येताना खांद्याला हलका स्पर्श करून, आपली ठरलेली खूण देऊन ओळख सांगतात का? काही दाखवताना आपला हात बधिरांध माणसाच्या हाताखाली ठेवतात का, म्हणजे नको असेल तेव्हा त्याला हात काढून घेता येतो? मनगट धरून ओढत नेत असतील तर ते केंद्र सोडा, इमारत कितीही चांगली असो.

गावाकडे घरी येणारा शिक्षकच सोयीचा. अहमदाबादची सेन्स इंडिया १९९७ पासून स्थानिक संस्थांना हाताशी धरून हे काम करते. यात घरचेही शिकतात, म्हणून माझा कौल सुरुवातीला याला. मात्र शिक्षक गेल्यावर उरलेला दिवस रिकामाच राहतो. शक्य होईल तेव्हा केंद्र जोडा.

सोबतीचा माणूस, म्हणजे वाट दाखवणारा आणि आजूबाजूला काय चाललंय ते सांगणारा, ही सेवा ब्रिटन-अमेरिकेत रुळलेली आहे. आपल्याकडे ते काम बायको, आई नाहीतर भाऊच करतात. निदान डॉक्टर आणि बँक या दोन ठिकाणी तरी, मिळत असेल तर, बाहेरचा प्रशिक्षित माणूस पैसे देऊन न्याच. घरचा माणूस नकळत बधिरांध माणसाच्या वतीने उत्तरं देऊन मोकळा होतो. दुखणं त्याचं आणि खातंही त्याचं, तेव्हा उत्तर त्यालाच देऊ द्या.

ब्रेल डिस्प्ले, म्हणजे संगणक-मोबाइलवरचा मजकूर बोटांखाली ब्रेलमध्ये उमटवणारं यंत्र, ब्रेल येणाऱ्यालाच उपयोगी, म्हणून ती खरेदी नंतर.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढताना नुसतं ‘कर्णबधिर’ किंवा ‘अंध’ लिहून घेऊ नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बधिरांधत्व बहुविकलांगतेत मोडतं, आणि नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यासाठी तीच नोंद लागते.