मूळ भाडेपावत्या आम्ही विश्वासाने दिल्या

लालबागच्या चाळीतली आमची खोली बारा बाय पंधरा फुटांची होती. आजोबांनी ती पागडीने, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाडेहक्काने, घेतली होती. १९८२ च्या संपात वडिलांची गिरणीतली नोकरी गेली, पण भाडे जुन्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेले असल्यामुळे आमचे कुटुंब मुंबईत तग धरू शकले. हीच खोली चार वर्षांपूर्वी आम्ही आमच्याच सह्यांनी गमावली. ते कसे घडले हे मी सविस्तर लिहीत आहे, कारण ज्या चाळींत सध्या पुनर्विकासाच्या बैठका चालू आहेत, तिथे हेच कागद याच क्रमाने पुढे येण्याची मला भीती वाटते.

आमची चाळ १९४० पूर्वीची, म्हणजे उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींपैकी). अशा इमारतीच्या पुनर्विकासासाठी किमान ५१ टक्के भाडेकरूंची लेखी संमती आणि म्हाडाचे (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचे) ना हरकत प्रमाणपत्र लागते, आणि पात्र भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचे मालकीचे घर मिळते. मालकाने चाळ एका विकासकाला विकली तेव्हा हे नियम आम्हाला ठाऊक होते. त्यामुळेच आपण सुरक्षित आहोत असे आम्ही धरून चाललो.

विकासकाकडून जो मध्यस्थ येत असे तो आमच्याच तालुक्यातला होता. तो गणपतीत आरतीला उभा राही, वडिलांशी मालवणीत बोले. सर्वांनी संमती दिल्यावर, म्हाडात पडताळणीसाठी मूळ भाडेपावत्या लागतात, आठवड्याभरात परत आणून देतो, असे त्याने सांगितले. वडील घुटमळले तेव्हा तो म्हणाला, "काकानू, माझ्यार इस्वास नाय तुमचो?" आजोबांच्या नावापासूनच्या पावत्यांची पूर्ण फाइल त्या संध्याकाळी त्याच्या पिशवीत गेली. पोच मागणे आम्हाला संकोचाचे वाटले, आणि त्या संकोचाचा मला आजही सर्वांत जास्त त्रास होतो.

त्याच आठवड्यात नोटरीसमोर सह्या झाल्या. सोळा पानांच्या कागदाला सगळे संमतीपत्र म्हणत होते. इंग्रजीतल्या अकराव्या पानावर, भाडेहक्क स्वेच्छेने सोडून जागेचा ताबा देत असल्याचे कलम होते. नव्या घराचा उल्लेख मात्र "स्वतंत्र करारानुसार" एवढाच होता. तो स्वतंत्र करार कधीच झाला नाही. चाव्या दिल्या, पाडकाम झाले आणि पहिले वर्षभर पर्यायी जागेचे भाडे वेळेवर आले.

दुसऱ्या वर्षी पुढील तारखांचे बारा धनादेश मिळाले. पहिला बँकेत टाकण्याआधीच मध्यस्थाचा फोन आला की खात्यात रक्कम नाही, धनादेश परत गेला तर प्रकल्पाचे कर्ज अडकेल आणि घर आणखी लांबेल, तेव्हा थांबा, पुढच्या महिन्यात एकदम देतो. आम्ही थांबलो. धनादेश तारखेपासून तीनच महिने चालतो. न वटलेल्या धनादेशाबद्दल कायदेशीर नोटीस द्यायची तर तो मुदतीत बँकेत भरलेला असावा लागतो, आणि नोटीसही बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत द्यावी लागते. ही माहिती मिळाली तोवर पाच धनादेशांची मुदत संपली होती आणि मध्यस्थाचा फोन बंद होता.

पर्यायी जागा म्हणून आम्ही नालासोपाऱ्यात भाड्याने राहत होतो; तिथल्या घरमालकाने अनामत रकमेतून थकलेले भाडे वळते करून घेतले आणि करार संपताच जागा रिकामी करायला सांगितली. आईवडील गावी गेले, मुलाला बहिणीकडे ठेवले, पत्नी माहेरी राहिली आणि मी कारखान्यातल्या सहकाऱ्याच्या खोलीत आठ महिने काढले. जनगणनेत बेघर म्हणजे उघड्यावर, पदपथावर, फलाटावर राहणारी माणसे. आम्ही पाचजण चार ठिकाणी छताखाली झोपत होतो, म्हणून त्या मोजणीत आम्ही कधीच आलो नसतो. पण शहरात आमचे म्हणावे असे एकही दार उरले नव्हते.

माहितीच्या अधिकारात अर्ज केल्यावर भाडेकरूंच्या प्रमाणित यादीची, म्हणजे म्हाडाने पात्र ठरवलेल्या भाडेकरूंच्या यादीची, प्रत मिळाली. तिच्यात आमचे नाव नव्हते.

ज्यांच्यासमोर असे कागद येतील त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, मूळ पावती कोणाच्याही हाती देऊ नये. पडताळणीसाठी ती स्वतः घेऊन जावे आणि दाखवून परत आणावी. कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार दुय्यम निबंधकांकडे नोंदवला गेल्याशिवाय चावी सोडू नये, कारण नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. प्रमाणित यादीत आपले नाव आणि क्षेत्रफळ आहे का, हे चाळ पाडण्यापूर्वी पाहावे. धनादेश मात्र कोणी कितीही विनवले तरी तारखेलाच भरावा.

आमचे प्रकरण आता धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात आहे. ट्रंकेच्या तळाशी दोन जुन्या पावत्या सापडल्या, शिवाय वडिलांच्या नावाची बेस्टची वीजबिले आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या एका मावशींनी त्या वेळी मूळ पावत्या द्यायला साफ नकार दिला होता, आणि त्यांना समजावायला मीच गेलो होतो. त्यांचे नाव यादीत आहे. आम्ही तीन पिढ्या त्या खोलीत राहत होतो, असे प्रतिज्ञापत्र त्यांनी गेल्या महिन्यात आमच्यासाठी करून दिले.