ग्रांद शार्त्रझचे संग्रहालय : मठाच्या अलीकडचा थांबा

फ्रान्समधील ग्रनोब्ल शहराच्या उत्तरेला, शार्त्रझच्या डोंगरांत, ख्रिस्ती धर्मातील कार्थुसियन पंथाच्या एकांतवासी साधूंचा मूळ मठ, ग्रांद शार्त्रझ, आहे. पंथाचे संस्थापक संत ब्रुनो सहा सोबत्यांसह १०८४ साली येथे आले, ११३२ मध्ये हिमकडा कोसळल्यावर वस्ती थोडी खाली हलवण्यात आली, आणि १९०३ मध्ये सरकारने बाहेर काढलेले साधू १९४० मध्ये परत आले. हा मठ पाहण्यासाठी कोणालाही आत सोडत नाहीत. प्रवाशाने जायचे ते दोनेक किलोमीटर अलीकडे असलेल्या कोररी या जुन्या वास्तूत, जिथे आज हे संग्रहालय आहे.

येथील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे साधूच्या निवासाची उभारलेली प्रतिकृती. त्याला खोली म्हणतात, पण प्रत्यक्षात ते एकट्या माणसाचे छोटे घरच असते : खाली सुतारकामाची आणि लाकडे फोडण्याची जागा, भिंतीआड चिमूटभर बाग, वर प्रार्थनेची जागा, बिछाना, टेबल आणि शेगडी. दाराशेजारच्या भिंतीत एक लहानशी खिडकी आहे. बाहेरच्या ओवरीतून सेवेकरी बंधू तिच्यात जेवण ठेवतो, आतला साधू ते उचलतो, आणि दोघांची गाठ पडण्याचे कारणच उरत नाही. मी त्या खिडकीसमोर बराच वेळ उभी राहिले. एकट्याचा एकांत टिकावा म्हणून दुसऱ्या कोणीतरी रोज न चुकता तिथवर चालत यावे लागते, ही गोष्ट मला कोणत्याही माहितीफलकापेक्षा त्या खिडकीने अधिक नीट समजावली. कान्हेरीच्या लेण्यांत भिक्षूंचे दगडी ओटे आणि प्रत्येक विहाराजवळची पाण्याची टाकी पाहताना असा प्रश्न मला कधी पडला नव्हता : त्यांच्या भिक्षापात्रात अन्न घालणारे हात कोणाचे होते?

ही वास्तूही मुळात बंधूंची. वरच्या मठाची शांतता राखण्यासाठी व्यवहाराची कामे येथून चालत, आणि आज संग्रहालयाच्या रूपाने ती तेच काम करते, कारण आलेल्या माणसाचे कुतूहल येथेच शमते. मध्यरात्री उठून होणारी दीर्घ प्रार्थना, मांसाहाराचा कायमचा त्याग, आठवड्यातून एकदा बोलत काढलेली डोंगरातली फेरी, आणि मृत्यूनंतर नाव न कोरलेला साधा लाकडी क्रूस, हे सारे येथे भावुकतेला थारा न देता मांडले आहे. एकशे तीस वनस्पतींपासून बनणाऱ्या, या साधूंच्या हिरव्या शार्त्रझ मद्याची ख्याती मोठी असली, तरी केवळ त्यासाठी येथे येऊ नये.

निघण्यापूर्वी उघडण्याच्या तारखा पाहून घ्याव्यात आणि दोन-तीन तास मोकळे ठेवावेत. त्यानंतर मठाच्या दिशेचा रस्ता पायीच चालावा. तटाच्या भिंतीवरून करड्या, उतरत्या छपरांची रांग दिसते. तेथपर्यंत जावे, आवाज न करता थोडे थांबावे आणि परत फिरावे.