घरकुलाचा पैसा आणि रैनबसेऱ्याचा पैसा

इंदूरमध्ये बेघर माणसासाठी सरकारी पैसा मुख्यतः दोन वाटांनी आला. 2015 साली सुरू झालेल्या शहरी प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राकडून दीड लाख रुपये मिळत, तेही बांधकामाचा टप्पा पाहून हप्त्याहप्त्याने. जागेचा कागद मात्र आधीच हातात असावा लागे. याच शहरात लाइट हाऊस प्रकल्पातून, म्हणजे नव्या बांधकाम तंत्राने घरे उभारण्याच्या केंद्राच्या उपक्रमातून, 1,024 घरे उभी राहिली, पण तिथेही लाभार्थ्याला आपला वाटा भरावा लागतोच. रात्री फुटपाथवर गाठोडे उशाशी घेऊन निजणाऱ्या मजुराने तो कुठून आणावा?

त्याच्यासाठी दुसरी वाट होती, राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानातला रैनबसेरा, म्हणजे बेघरांचा रात्रनिवारा. लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांची सोय आणि माणशी 50 चौरस फूट जागा हा त्याचा निकष होता, शिवाय इमारतीबरोबर ती चालवण्याच्या खर्चालाही अनुदान होते. मला हीच तरतूद अधिक मोलाची वाटते, कारण अंथरुणे धुणारे हात आणि रात्रपाळीचा माणूस नसेल, तर नुसत्या भिंतींनी आसरा होत नाही. ते अनुदान मात्र मुदतीपुरते असे आणि पुढचा भार महापालिकेवर येई. घरकुल एकदा झाले की कुटुंबाच्या नावावर राहते.