प्राँगहॉर्नसाठी घेतलेला पॉप-अप ब्लाइंड: वाऱ्यात उभा करून, आतून बाण मारून लिहिलेला रिव्ह्यू

यंदा जूनमध्ये वायोमिंगच्या ड्रॉचा, म्हणजे शिकारीच्या परवान्यांच्या सोडतीचा, निकाल लागला आणि प्राँगहॉर्नचं (माळरानावरचं हरणासारखं जनावर) टॅग, म्हणजे एक जनावर मारायचा परवाना, माझ्या नावावर निघालं. मी कोलोरॅडोत राहते, म्हणजे वायोमिंगच्या लेखी परराज्यातली. आमच्यासारख्यांना दरवर्षी सोडतीत पुढे सरकवणारा एकेक प्रेफरन्स पॉइंट विकत घेत थांबावं लागतं आणि बहुतेक टॅग ज्यांचे पॉइंट जास्त त्यांनाच मिळतात. त्यात 2022-23 च्या हिवाळ्यात पश्चिम वायोमिंगमध्ये बर्फ आणि न्यूमोनिया या दोन्हींनी मिळून हजारो प्राँगहॉर्न मारले. त्यानंतर टॅग कमी झाले ते योग्यच झालं, पण माझी वाट लांबली. इतकी वर्षं थांबून हाती आलेली संधी सामानाच्या एखाद्या कुरबुरीपायी जाऊ द्यायची नाही असं ठरवलं आणि सगळ्यात आधी ब्लाइंड, म्हणजे आत लपून बसायचा घडीचा तंबू, घेतला.

कंपनीचं नाव लिहीत नाही. या धाटणीचे हब ब्लाइंड (हब म्हणजे भिंतीच्या मधोमध काड्या जुळतात तो सांधा) बरेच जण बनवतात आणि मी जे सांगणार आहे ते त्या सगळ्यांना कमी-जास्त लागू पडतं. माझा तीन माणसांचा आहे: चार भिंती, एक छप्पर, पाच हब, फायबरग्लासच्या काड्या, दोन बाजूंना आतून बाहेर दिसणारी जाळी. किंमत सुमारे 300 डॉलर.

ब्लाइंड कशाला, हे आधी सांगते. प्राँगहॉर्न राहतो तो सगळा मुलूख उघडा. गुडघाभर सेजब्रशची झुडपं, त्यापलीकडे आभाळ. डोळे मोठे आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे जवळजवळ चहूकडचं दिसतं. पळायला लागला की ताशी 88 किलोमीटरच्या आसपास. रायफलवाल्याला दोन-तीनशे यार्डांवरून काम भागवता येतं. मी बोने, म्हणजे धनुष्यबाणाने, शिकार करते आणि माझी मर्यादा 30 यार्ड ठरवली आहे. प्राँगहॉर्न हरणापेक्षा लहान असतो, छातीतली नेमकी जागा पेपर प्लेटहून मोठी नाही, आणि जखमी करून सोडणं मला मान्य नाही. पण 30 यार्डांवर जनावर आलं तरी बो ओढताना कोपर मागे जातं, आणि तेवढी हालचाल त्याला पुरते. ऑगस्टच्या उन्हात ते गुरांच्या टाक्यांवर आणि तळ्यांवर पाणी प्यायला येतात. पाण्याजवळ ब्लाइंड लावून बसायचं ते एवढ्यासाठीच: ती एक हालचाल लपवायला. मी हा ब्लाइंड तपासला तोही याच एका प्रश्नावर. बाहेरच्या कापडावर कुठली पानं छापलीत आणि आत बाटली ठेवायला किती खिसे आहेत याने मला काही फरक पडत नाही.

एका ओळखीच्या रँचवर तो उभा केला. उभारणी सोपी आहे. दोरी धरून भिंतीचा मधला हब बाहेर खेचला की उलटलेली छत्री सरळ व्हावी तशी भिंत फटकन ताणली जाते. छप्पर आधी करा, भिंती नंतर, म्हणजे एकटीला जमतं. घडी घालून पिशवीत परत भरणं मात्र पहिल्या काही वेळा चिडचिड करणारं आहे.

मैत्रिणीला 20 यार्डांवर उभं केलं, मी आत बसले आणि हळूहळू बो पूर्ण ओढला. ती म्हणाली, "तू दिसत नाहीस, पण काहीतरी फिकट हललं." तो माझा डावा हात होता. आतलं अस्तर काळंभोर आहे, त्यावर उघड्या हाताची आणि चेहऱ्याची कातडी उठून दिसते. मग काळा पूर्ण बाह्यांचा शर्ट, पातळ काळे हातमोजे आणि काळा मास्क घालून तोच प्रकार केला. या वेळी तिला काहीच कळलं नाही. बाहेर सेजब्रशच्या रंगाचे महागडे कपडे हवेत, आत मात्र साधा काळा पूर्ण बाह्यांचा शर्ट त्यांच्यापेक्षा सरस. दुसरी गोष्ट म्हणजे पाठीमागची खिडकी. ती थोडी जरी उघडी राहिली तरी माझी अख्खी आकृती उजेडावर कोरल्यासारखी दिसते. मागच्या दोन्ही भिंती घट्ट बंद ठेवल्या आणि खिडकीला चिकटून न बसता मागे सरकून बसलं, तरच हा ब्लाइंड आपलं काम करतो. जाळीच्या भिंतीतून बाहेरचं छान दिसतं, बाहेरून आतलं दिसत नाही. पण सकाळचं कोवळं ऊन थेट जाळीवर पडलं तर आतली सावली कळते. पूर्वेच्या बाजूला जाळी घेऊ नका.

खिडक्यांना मी पूर्ण गुण देते. झिप नाही, वेल्क्रो नाही. कापडाच्या कडेला छोट्या गुंड्या आहेत आणि त्या रबरी फासात अडकवायच्या. एका हाताने फास सोडवून खिडकी दोन बोटं खाली घेता येते आणि आवाज होतो तो फक्त कापड कापडावर घासल्याचा. दाराला मात्र झिप आहे आणि ती शांत माळावर चांगली दूरवर ऐकू येते. आत गेल्यावर संध्याकाळपर्यंत दार उघडायचं नाही, याच तयारीने पाणी, खाणं आणि बाकी सोय आत घेऊन बसावं लागेल.

बाण मारताना एक गोष्ट ध्यानात ठेवावीच लागते. बोवरची नेम धरायची पिन डोळ्यासमोर, बाणाच्या कित्येक इंच वर असते. पिन खिडकीतून स्वच्छ दिसते, निशाण बरोबर लागलेलं असतं, पण बाण खिडकीच्या खालच्या कडेला घासू शकतो. मी दर वेळी ओढायच्या आधी बाणाच्या टोकाकडे बघते आणि खिडकीची कड त्याच्याखाली तळहातभर मोकळी असल्याची खात्री करते. खिडकीला बाण आरपार जाणारी बदलण्याजोगी जाळीही येते. फिक्स्ड ब्लेडच्या ब्रॉडहेडने (पाती पक्की बसवलेलं शिकारीच्या बाणाचं टोक) 20 यार्डांवर तिच्यातून मारून पाहिलं. जाळीत तीन पाकळ्यांची चीर पडली आणि बाण टार्गेटवर बिनजाळीच्या बाणांशेजारीच रुतला. मेकॅनिकल, म्हणजे लागल्यावर उघडणाऱ्या, ब्रॉडहेडची पाती जाळीला लागून वाटेतच उघडू शकतात, तेव्हा ते वापरणाऱ्यांनी जाळी काढूनच बसावं. रेंजफाइंडरचाही तोच प्रकार: लेझर कधी कधी जाळीचंच अंतर सांगतो. बसण्याआधी बाहेर फिरून 20 आणि 30 यार्डांवर एकेक ठळक दगड ठेवला की तो प्रश्न उरत नाही.

आता वारा. वायोमिंगचा वारा ज्याने खाल्लाय त्याला मी काय सांगणार! सोबत आलेल्या खुंट्या त्या कडक चिकणमातीसाठी नाहीत. दोन वाकल्या, एक आत गेलीच नाही. आमच्या शेजारच्या आजोबांनी उमेदीची वर्षं वायोमिंगच्या मेंढ्यांमागे काढली, त्यांनी मला फूट-दीड फुटाचे सळईचे तुकडे कापून दिले आणि म्हणाले, "वाऱ्याकडे तोंड असलेल्या बाजूला दोन जास्त ठोक." सळया आणि चारी बाजूंच्या ताणदोऱ्या लावल्यावर ब्लाइंड एका वादळी दुपारी उभा राहिला. एक काडी मात्र हबजवळ तडकली. कंपनीला फोटो पाठवला, बदली काडी आठवड्याभरात आली, वाद घातला नाही. तरी एवढ्या किमतीत धड खुंट्या न देणं मला पटत नाही. वाऱ्यात सैल कापड फडफडतं, आणि फडफडणाऱ्या ब्लाइंडजवळ प्राँगहॉर्न येणार नाही. ताण रोज सकाळी तपासावा लागणार.

उकाडा हा खरा त्रास. बाहेर 90 फॅरेनहाइट असताना आत थर्मामीटर शंभरच्या वर गेला. काळं अस्तर, बंद खिडक्या, मग दुसरं काय होणार? छपराला हवा जायला एखादी झडप असती तर मी आणखी गुण दिले असते. नव्या कापडाला रासायनिक वासही येतो, दोन आठवडे अंगणात उघडा ठेवल्यावर तो गेला. वायोमिंगमध्ये बहुतेक ठिकाणी प्राँगहॉर्नचा आर्चरी सीझन 15 ऑगस्टला उघडतो. ब्लाइंड आधीपासून उभा राहिला तर जनावरं त्याला सरावतात, पण सरकारी जमिनीवर तो रात्रभर ठेवता येतो का आणि किती दिवस, हे त्या त्या जमिनीच्या कार्यालयात विचारूनच ठरवा. मी विचारून घेणार आहे.

दोन माणसांचा छोटा ब्लाइंड शंभरेक डॉलर स्वस्त मिळतो. एकटे बसणार असाल तरी तो घेऊ नका. बसून बो ओढताना कोपराला मागे जागा लागते, बोच्या खालच्या टोकाचं चाक (कॅम) मांडीला लागता कामा नये, आणि मागे सरकून बसायचं तर मागे जागा हवीच. खुर्चीही हात नसलेली, न करकरणारी घ्या, आणि तिच्यावर बसूनच रोज सराव करा. उभ्याने सहज ओढला जाणारा बो बसल्यावर पाठीला वेगळाच जाणवतो. सप्टेंबरमध्ये डिकॉय, म्हणजे नकली प्राँगहॉर्न, घेऊन सरपटत जवळ जाणाऱ्यांनी या ब्लाइंडवर पैसे घालू नयेत. ऑगस्टमध्ये पाण्यावर बसणार असाल तर जरूर घ्या, आणि त्याच दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून सळया आणा.