प्रसूतिकक्ष वाचवण्यासाठी कौन्सिलने कोर्टात जावे का? लुईशम आणि बॅनबरी शेजारी ठेवून

इंग्लंडमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकांना, राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून, तेथील स्थानिक निवडणुकांत मत देता येते. आपल्या गावच्या रुग्णालयातील प्रसूतिसेवा कमी होणार अशी बातमी आली, की दारावर येणारा प्रत्येक उमेदवार, पक्ष कोणताही असो, आपण विरोध करू असेच सांगतो. विरोध म्हणजे नेमके काय, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. कौन्सिलने (म्हणजे तेथील स्थानिक स्वराज्य संस्थेने) वकील लावून न्यायालयात जावे, की आरोग्यसेवेवर लक्ष ठेवणाऱ्या आपल्या आरोग्य छाननी समितीमार्फत आरोग्यमंत्र्यांपर्यंत पोहोचावे, हा निर्णय घेण्याची वेळ येते तेव्हा लंडनमधील लुईशम आणि ऑक्सफर्डशायरमधील बॅनबरी ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहणे उपयोगी पडते. दोन्हीकडे कौन्सिल न्यायालयात गेली. एकीकडे जिंकली, दुसरीकडे हरली.

दोन्ही ठिकाणी प्रश्न जवळजवळ तोच होता. प्रसूतितज्ज्ञ डॉक्टर चोवीस तास हजर असलेला कक्ष काढून त्याजागी केवळ मिडवाइफ (प्रशिक्षित सुईणी) चालवतील असे प्रसूतिकेंद्र ठेवायचे होते. अशा केंद्रात एपिड्युरल (कळा सुसह्य करणारे पाठीतले इंजेक्शन) मिळत नाही आणि सिझेरियन होत नाही. प्रसूती अडली, तर बाळंतिणीला रुग्णवाहिकेतून मोठ्या रुग्णालयात हलवावे लागते. इंग्लंडमधील जन्मस्थानांचा ‘बर्थप्लेस’ हा मोठा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार रुग्णालयापासून वेगळ्या असलेल्या मिडवाइफ केंद्रात प्रसूतीसाठी गेलेल्या पहिलटकरणींपैकी सुमारे 36 टक्के स्त्रियांना ऐन वेळी किंवा प्रसूतीनंतर लगेच हलवावे लागले, तर आधी मूल झालेल्यांमध्ये हे प्रमाण 9 टक्क्यांच्या आसपास होते. पहिलटकरणीच्या घरच्यांना ‘सेवा बंद होत नाही, फक्त तिचे स्वरूप बदलते’ हे वाक्य पटत नाही, त्यामागे हा आकडा आहे. त्याच अभ्यासात कमी जोखमीच्या स्त्रियांसाठी, मग त्या पहिलटकरणी असोत वा आधी बाळंत झालेल्या, अशी केंद्रे बाळाच्या दृष्टीने सुरक्षित असल्याचेही दिसले होते, हे विरोधकांच्या भाषणांतून सहसा गळून जाते.

लुईशमची हकीकत आटोपशीर आहे. शेजारचा साउथ लंडन हेल्थकेअर ट्रस्ट (रुग्णालये चालवणारी सरकारी संस्था) आठवड्याला दहा लाख पौंडांहून अधिक तोट्यात होता. 2012 साली सरकारने त्यावर विशेष प्रशासक नेमला, आणि त्या प्रशासकाने तोटा भरून काढण्याच्या योजनेत लुईशमच्या रुग्णालयालाही ओढले. ते रुग्णालय वेगळ्या ट्रस्टचे होते आणि आर्थिकदृष्ट्या सुस्थितीत होते. तरीही तेथील अपघात विभाग आणि प्रसूतिकक्ष या दोन्हींना कात्री लावण्याचे ठरले, आणि 31 जानेवारी 2013 रोजी आरोग्यमंत्री जेरेमी हंट यांनी फेरफारांसह ती योजना मान्य केली. लुईशम कौन्सिल आणि नागरिकांची बचाव मोहीम यांनी स्वतंत्र याचिका दाखल केल्या. उच्च न्यायालयाने 31 जुलै 2013 रोजी निर्णय रद्द केला आणि 29 ऑक्टोबर रोजी अपील न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. ज्या ट्रस्टवर प्रशासक नेमला होता त्याच्या हद्दीबाहेरच्या रुग्णालयाला हात लावण्याचा अधिकार प्रशासकाला आणि मंत्र्यांना कायद्याने दिलेलाच नव्हता, असे न्यायालयांचे म्हणणे पडले. प्रसूतिकक्ष राहिला. पुढच्याच वर्षी 2014 च्या केअर कायद्याने प्रशासकाचा अधिकार वाढवून ती फट बुजवण्यात आली, त्यामुळे लुईशमचा विजय आज जसाच्या तसा पुन्हा मिळवता येणार नाही.

बॅनबरीची गोष्ट लांबलेली आहे आणि माझ्या मते अधिक शिकवणारी आहे. तेथील हॉर्टन जनरल रुग्णालय ऑक्सफर्डच्या मोठ्या ट्रस्टच्या अखत्यारीत आहे, आणि ऑक्सफर्डचे जॉन रॅडक्लिफ रुग्णालय तेथून सुमारे 35 किलोमीटरवर आहे. 2006 सालीही प्रसूतितज्ज्ञांचा कक्ष आणि बालरुग्ण विभाग ऑक्सफर्डला हलवण्याचा घाट घातला गेला होता. त्या वेळी काउंटीच्या (ढोबळमानाने जिल्ह्याच्या) छाननी समितीने प्रकरण आरोग्यमंत्र्यांकडे पाठवले, मंत्र्यांनी अशा बदलांवर सल्ला देणाऱ्या स्वतंत्र पुनर्रचना पॅनेलचा सल्ला घेतला, आणि 2008 साली तो प्रस्ताव फेटाळला गेला. अंतर आणि प्रवासाची अडचण हाच त्यातला कळीचा मुद्दा होता. न्यायालयाची पायरी न चढता मिळालेला हा विजय पुढे लोक विसरून गेले, किंवा तो कायमचा आहे असे समजून बसले.

पण कक्ष टिकवण्यासाठी डॉक्टर लागतात. हॉर्टनमधील प्रशिक्षणार्थी प्रसूतितज्ज्ञांच्या जागांची मान्यता पुढे काढून घेतली गेली आणि मधल्या फळीतील डॉक्टरांची पदे भरणे वर्षागणिक कठीण होत गेले. 2016 च्या उन्हाळ्यात ट्रस्टने रात्रपाळी सुरक्षितपणे चालवता येत नसल्याचे जाहीर केले, आणि ऑक्टोबर 2016 पासून कक्ष ‘तात्पुरता’ मिडवाइफ केंद्रात बदलला. ऑगस्ट 2017 मध्ये ऑक्सफर्डशायरच्या क्लिनिकल कमिशनिंग ग्रुपने, म्हणजे स्थानिक आरोग्यसेवा ठरवून तिचा पैसा देणाऱ्या संस्थेने, तो बदल कायम केला. चेरवेल, साउथ नॉर्थम्पटनशायर आणि स्ट्रॅटफर्ड-ऑन-एव्हन या डिस्ट्रिक्ट कौन्सिल बॅनबरी टाउन कौन्सिलला सोबत घेऊन न्यायालयात गेल्या. सल्लामसलत दोन टप्प्यांत तोडल्यामुळे लोकांना पूर्ण चित्र दिसलेच नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. डिसेंबर 2017 मध्ये याचिका फेटाळली गेली.

त्याच वेळी काउंटीच्या समितीनेही पुन्हा प्रकरण मंत्र्यांकडे पाठवले होते, आणि हा रस्ता अर्धवट का होईना खुला राहिला. 2018 साली पॅनेलने पर्यायांचा अधिक खोलवर अभ्यास करावा आणि शेजारच्या नॉर्थम्पटनशायर व वॉरिकशायरमधील रुग्णांचाही विचार व्हावा असे सुचवले, त्यानुसार तिन्ही काउंट्यांची संयुक्त समिती बसली. दीड वर्षाच्या कामानंतर सप्टेंबर 2019 मध्ये कमिशनिंग ग्रुपने पुन्हा तोच निर्णय दिला, की प्रसूतितज्ज्ञांचा एकच कक्ष ऑक्सफर्डमध्ये राहील.

आता तुलनेचा खरा मुद्दा. लुईशममध्ये न्यायालयासमोरचा प्रश्न अधिकाराचा होता. बॅनबरीत तो पद्धतीचा होता. अधिकारच नाही असे सिद्ध झाले, तर निर्णय मुळातून पडतो. पद्धतीच्या खटल्यात कौन्सिल जिंकली, तरी न्यायालय फार तर सल्लामसलत पुन्हा करायला लावते, आणि तीच संस्था तोच निर्णय नीटनेटक्या कागदांसह पुन्हा घेऊ शकते. गावाला प्रसूतितज्ज्ञांची गरज आहे का, या प्रश्नात न्यायालय दोन्ही प्रकारांत शिरत नाही. तरीही सभेत टाळ्या ‘कोर्टात खेचू’ या वाक्यालाच पडतात.

दुसरा फरक कौन्सिलच्या स्तराचा आहे, आणि तो मराठी वाचकाच्या चटकन लक्षात येत नाही. आपल्याकडे जिल्हा परिषद प्राथमिक आरोग्य केंद्रे स्वतः चालवते. इंग्लंडमधील कौन्सिलकडे रुग्णालय नसते, आरोग्यसेवेची छाननी करण्याचा अधिकार तेवढा असतो, आणि तोही काउंटी किंवा एकस्तरीय कौन्सिललाच. लंडनमधील बरो, म्हणजे एकस्तरीय कौन्सिल, असल्याने लुईशमकडे तो होता. चेरवेलसारख्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलचे स्थान ढोबळमानाने आपल्या पंचायत समितीसारखे आहे, आणि तिच्याकडे तो नव्हता. म्हणून चेरवेलला कोर्ट हाच स्वतःच्या हातातला रस्ता वाटला असल्यास नवल नाही.

तिसरी गोष्ट दोन्ही रस्त्यांना सारखीच अडचणीची आहे. रुग्णांच्या किंवा कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेला धोका असल्याने तातडीने सेवा बदलावी लागली, तर छाननी समितीशी आधी सल्लामसलत करण्याचे बंधन लागू होत नाही. बॅनबरीत कक्ष प्रत्यक्षात गेला तो 2016 च्या ‘तात्पुरत्या’ निर्णयाने. 2017 आणि 2019 च्या निर्णयांनी त्यावर शिक्का मारला. एकदा डॉक्टर गेले आणि गरोदर स्त्रियांनी ऑक्सफर्डला नाव घालायला सुरुवात केली, की कक्ष पुन्हा उभा करण्याची मागणी प्रत्येक महिन्यागणिक दुबळी होत जाते.

आज निर्णय घेणाऱ्याने नियम बदलल्याचेही ध्यानात घ्यावे. कमिशनिंग ग्रुप 2022 साली गेले आणि त्यांची जागा एकात्मिक सेवा मंडळांनी घेतली. 31 जानेवारी 2024 पासून छाननी समितीचा प्रकरण मंत्र्यांकडे पाठवण्याचा जुना अधिकारही गेला. आता मंत्री स्वतः कोणताही प्रस्ताव आपल्याकडे घेऊ शकतात, आणि तशी विनंती कौन्सिलच नव्हे, कोणीही लेखी करू शकतो. आधी स्थानिक पातळीवर तोडगा काढण्याचे प्रयत्न झालेले असावेत, ही अपेक्षा मात्र आहे. बॅनबरीला 2008 साली ज्या वाटेने यश आले, ती वाट त्या रूपात उरलेली नाही. डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या दृष्टीने हा बदल काहीसा फायद्याचा आहे, कारण विनंती करण्यासाठी तिला काउंटीच्या समितीचे तोंड पाहावे लागत नाही. सल्ल्यासाठी पुनर्रचना पॅनेल अजून आहे.

म्हणून माझा कौल असा आहे. निर्णय घेणाऱ्या संस्थेला मुळात अधिकार होता का, याविषयी वकिलाला खरी शंका असेल, तरच न्यायालयाचा खर्च सार्थ ठरेल. आणि तेथे मुदत कमाल तीन महिन्यांचीच आहे, ‘आधी निवडणूक होऊ दे’ म्हणायला सवड नाही. तक्रार सल्लामसलतीच्या दर्जाची असेल, तर तो पैसा प्रवासवेळा, शेजारच्या काउंट्यांतून येणाऱ्या स्त्रियांची संख्या आणि रुग्णवाहिकेची उपलब्धता यांचे स्वतंत्र मोजमाप करून घेण्यावर घालावा, कारण मंत्री आणि पॅनेल यांच्यासमोर तेच चालते. डॉक्टरांची टंचाई हेच खरे कारण असेल, तर छाननीचे काम प्रस्ताव येण्याच्या कितीतरी आधी सुरू व्हायला हवे. दारावर आलेल्या उमेदवाराला विचारावे, की प्रसूतिविभागात मधल्या फळीतील किती पदे आज रिकामी आहेत, प्रशिक्षणाची मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे, आणि कौन्सिलच्या समितीने हे दोन आकडे रुग्णालयाकडे शेवटचे कधी मागितले.