हॉलचं रिंग झुंबर, व्हरांड्याचे ‘पितळी’ दिवे आणि मातीच्या शेड: खानापुरात पावसाळा काढल्यावरचा अनुभव

वळवाच्या पहिल्या गडगडाटात हॉलमधलं झुंबर गेलं. करंट दोनदा गेला-आला, तिसऱ्यांदा आला तेव्हा पंखा फिरायला लागला, फ्रिज सुरू झाला, झुंबर मात्र बंदच. आठ हजार सहाशे रुपयांचं झुंबर, वर्षसुद्धा झालेलं नव्हतं.

तीन कड्यांचं हे एलईडी झुंबर बेळगावातल्या कुठल्याही मोठ्या दुकानात टांगलेलं दिसतं, त्यामुळे त्याचं वर्णन करत बसत नाही. देखणं आहे यात शंका नाही. जुन्या घराची डागडुजी केली तेव्हा आम्ही हॉल, स्वयंपाकघर, व्हरांडा, सगळीकडचे दिवे एकदमच बदलले. आता दुसरा पावसाळा सरत आलाय. कुठल्या दिव्याने साथ दिली आणि कुठल्याने नाही, हे आपल्या भागातल्या घर बांधणाऱ्यांना कळायला हवं. दुकानात पुण्या-मुंबईच्या फ्लॅटचे फोटो दाखवतात. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला पाऊस आणि इथला ये-जा करणारा करंट त्या फोटोंत नसतो.

वॉरंटी कार्डावर दोन वर्षं छापलेली होती. दुकानात फोन केला तर उत्तर आलं, “वहिनी, वॉरंटी लाईटची असते. लाईटला करंट पुरवणारा आतला भाग, म्हणजे ड्रायव्हर, व्होल्टेजमुळे जातो, तो त्यात येत नाही.” झुंबर उतरवून बेळगावला आणा, कंपनीकडे पाठवू, किती दिवस लागतील सांगता येत नाही. नाहीतर नवीन घ्या, थोडं कमी करून देतो. पंचवीसएक किलोमीटर ती काचेसारखी नाजूक कडी सांभाळत न्यायची आणि वर पैसेही आपणच मोजायचे! त्या दिवशी हे लिहायला बसले असते, तर असलं झुंबर कुणीही घेऊ नका, एवढंच लिहिलं असतं.

आमच्या वायरमनने छताजवळची वाटी उघडली आणि आतली पांढरी डबी हातात दिली. “काकू, लाईट जळलीच नाही. हा ड्रायव्हर गेलाय.” त्याच्याजवळचा दुसरा ड्रायव्हर लावून दाखवला, आणि कडी लख्ख पेटली. तेव्हापासून मला या डबीशिवाय दुसरं काही सुचत नाही. नवा दिवा बघितला की आधी त्याचा ड्रायव्हर कुठे आहे ते शोधते.

घरातला २३० व्होल्टचा एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा करंट एलईडीला सरळ चालत नाही. त्याचा डीसी, म्हणजे एकाच दिशेचा करंट करून, ठरावीक मापाने एलईडीला पुरवायचं काम ड्रायव्हर करतो. त्यात कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग असतात, आणि त्यांना उष्णता सोसत नाही. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा हिशोब धरतात. खोक्यावर २५,००० तास लिहिलेले असतात, ते बहुतेक वेळा एलईडीचे असतात. डबी त्याच्या कितीतरी आधी जाते. पीओपीच्या छतात वारा न लागता कोंडलेली डबी तर आणखी लवकर.

नवा ड्रायव्हर साडेचारशेला मिळाला. जुन्या डबीवरचं लेबल जपून ठेवा, कारण फक्त वॅट जुळवून भागत नाही. आउटपुटचे मिलिअँपिअर तेवढेच हवेत, आणि व्होल्टची रेंज जुन्याशी जुळणारी हवी. आमच्या झुंबरात पांढऱ्या आणि पिवळ्या एलईडीच्या वेगळ्या पट्ट्या होत्या. साधा ड्रायव्हर पिवळ्या पट्टीला जोडला, त्यामुळे रिमोट आणि रंगांची अदलाबदल गेली. मला त्याचं काही वाटत नाही. ३००० केल्विनचा तो पिवळसर उजेड आमच्या हॉलला जास्त शोभतो, आणि रंग बदलायची हौस पहिल्या आठवड्यातच फिटली होती. म्हणून झुंबराबद्दलचं मत आता बदललंय. डबी बाहेर काढता येते, बाजारात दुसरी मिळते, झुंबर चालू राहतं. अशी वस्तू महाग असली तरी घ्यावी.

याच्या उलट स्वयंपाकघरातलं चौकोनी पॅनेल. स्वस्त, पातळ, छताला चिकटून बसणारं. ते लुकलुकायला लागलं तेव्हा वायरमनने उलटंपालटं करून बघितलं, तर ड्रायव्हर आतच चिकटवून बंद केलेला. एक छोटा भाग बिघडला म्हणून धडधाकट एलईडी, चौकट, काच, सगळं भंगारात. याचा मला मनापासून राग आहे. असा दिवा बनवणाऱ्याने तो दुरुस्त होऊ नये हे आधीच ठरवलेलं असतं. तिथे आता साधी ट्यूबलाईटच्या आकाराची एलईडी पट्टी आहे. दिसायला काही खास नाही, पण कट्ट्यावर उजेड भरपूर पडतो.

कर्नाटक सरकारची मोफत विजेची गृहज्योती योजना आल्यापासून आपल्याकडे कित्येक घरांत बिल शून्य येतं, त्यामुळे दिवा किती वॅटचा हे कुणी विचारतच नाही. मी अजून विचारते. आधीच्या वापराच्या सरासरीवर ठरावीक वाढीपर्यंतच सवलत आहे, तीही २०० युनिटच्या आत. हौसेने छतभर दिवे लावले तर तो आकडा ओलांडतो. आणि हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं बिल शून्य आलं तरी जळालेल्या दिव्याचे पैसे आपल्यालाच भरावे लागतात.

व्हरांड्याचे दोन दिवे ‘ब्रास फिनिश’ म्हणून घेतले होते. पहिल्या आषाढातच स्क्रूभोवती तांबूस डाग, श्रावणात पापुद्रे. लोखंडी पत्र्यावर सोनेरी मुलामा, दुसरं काही नाही. दुकानात जाताना छोटं लोहचुंबक घेऊन जा. चिकटलं तर ते पितळ नाही. न चिकटणारं ॲल्युमिनियमही असू शकतं, म्हणून वजनही बघा. दिव्यात धूळ-पाणी कितपत शिरत नाही, ते आयपीच्या आकड्यावरून कळतं. जिथे तिरका पाऊस येतो तिथे आयपी ६५ लिहिलेलाच दिवा घ्या. आयपी २० हा घराच्या आतला. बंद दुधी घुमट तर व्हरांड्यात नकोच. पहिल्या पावसानंतर वाळवीची पाखरं फटींतून आत शिरतात आणि तळाशी त्यांचा थर साचतो. पिवळ्या उजेडाला ती पांढऱ्यापेक्षा कमी येतात, हे दोन्ही वर्षं बघितलं.

गंजलेले दिवे उतरवल्यावर त्या जागी काय लावायचं हा प्रश्न होता, आणि उत्तर घराजवळच मिळालं. खानापूरची माती आणि इथलं कुंभारकाम यांची वेगळी ओळख करून द्यायला नको. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थाही इथेच आहे. ओळखीच्या कुंभाराला उलट्या माठासारखी शेड करून मागितली. भट्टीतून आलेल्या दोन शेड, होल्डर, वायर, साखळी, सगळं मिळून त्या एका ‘पितळी’ दिव्यापेक्षा कमी पैशांत झालं. संध्याकाळी त्या मातीच्या आतला उजेड बघून येणारी-जाणारी माणसं थांबून विचारतात, कुठून आणलं. गंज नाही, पापुद्रे नाहीत, आणि आत साधा पिनेचा बल्ब. गेला तर गल्लीतल्या किराणा दुकानात मिळतो.

करून घेणार असाल तर वरच्या बाजूला चार-पाच भोकं ठेवायला सांगा. एलईडी बल्बचा ड्रायव्हर त्याच्या बुडात असतो, आणि बल्ब उलटा टांगला की सगळी उष्णता तिथेच जाऊन कोंडते. शेडचं वजन वायरवर टाकू नका. छतात हूक मारून साखळीवर घ्या. व्हरांडा आमच्यासारखा खोल असेल तरच लावा. थेट पावसात होल्डर भिजेल.

उजेडाच्या रंगाबद्दल एकच सांगते. खोक्यावर सीआरआय लिहिलेला असतो, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा. ८० नेहमीचा, ९०च्या पुढचा चांगला. कपाटासमोरच्या स्वस्त दिव्याखाली आईची लालबुंद शहापुरी साडी विटकरी दिसायची. ९०चा बल्ब लावला आणि काठाचा खरा लाल दिसला. त्या जागेसाठी जास्तीचे पैसे मोजावेत.

मेन बोर्डात व्होल्टेजची अचानक उसळी अडवणारा सर्ज प्रोटेक्टर बसवून घेतलाय आणि अर्थिंग तपासून घेतलं, खर्च अडीच हजारांच्या आसपास. त्यानंतरच्या गडगडाटांत अजून एकही दिवा गेलेला नाही. तरी झुंबराच्या जोडीचा एक जादा ड्रायव्हर कपाटात आणून ठेवलाय, लेबलसकट. जिन्यातला दिवा तेवढा घ्यायचा राहिलाय. दुकानात एक आवडलाही होता, पण त्याची मागची बाजू उघडून दाखवायला दुकानदार तयार नव्हता, म्हणून तो तिथेच ठेवून आले.