पीपीआरच्या लशीच्या नावाखाली झालेली लूट

पीपीआर म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग, हे माणदेशात शेळ्या राखणाऱ्याला सांगावे लागत नाही आणि लशीच्या नावाने पैसे उकळणारे कसे हिंडतात हेही बहुतेकांना ठाऊक आहे. तरीही माझ्या 52 जनावरांना, दर जनावरी 30 रुपये याप्रमाणे रोख 1,560 रुपये घेऊन, एक इसम कसले तरी पाणी टोचून गेला. शेजारच्या वस्तीवर शेळ्या मरत होत्या, आणि जिथे ही लस मोफत मिळायला हवी त्या सरकारी दवाखान्यात ‘साठा आला की कळवू’ एवढेच ऐकायला मिळत होते. अशा वेळी दारात आलेल्या ‘डॉक्टर’कडे नोंदणी क्रमांक कोण मागतो? तुम्ही मात्र मागा.

खरा संताप होतो तो त्या बाटलीचा. पीपीआरची लस गोठवून सुकवलेली असते. कुपीच्या तळाशी बसलेली ती कोरडी वडी जनावरांसमोर थंड द्रावणात विरघळवायची, बर्फात ठेवायची आणि तास-दोन तासांत कातडीखाली टोचून संपवायची असते. या माणसाने भर उन्हात पाठीवरच्या पिशवीतून आधीच पातळ असलेले औषध काढले. माझ्या मुलाने बर्फाचे विचारले, तेव्हा ‘नव्या कंपनीची आहे, हिला बर्फ लागत नाही’ असे तो छातीठोकपणे म्हणाला, आणि तिथेच त्याला हाकलायला हवे होते. पण डोळ्यांसमोर मरणारी जनावरे दिसत असताना माणूस लेबले वाचत बसत नाही.

पुढे ताप, चिकटलेले डोळे, नाकातून घट्ट शेंबूड, तोंडात व्रण, दुर्गंधी आणि हगवण. गाभण शेळ्याही गाभडल्या. त्यालाच बोलावले, तर ‘ही लाळ्या-खुरकूत आहे’ असे सांगून ‘विषाणू मारणाऱ्या’ इंजेक्शनांचे 7,800 रुपये घेऊन गेला. एकही शेळी लंगडत नव्हती, सगळ्यांचे खूर स्वच्छ होते! या विषाणूवर औषध नाही. प्रतिजैविके दिली जातात ती फक्त मागून येणाऱ्या जिवाणूंच्या न्यूमोनियासाठी. नाकाचे स्राव बर्फात घालून प्रयोगशाळेत पाठवले असते, तर निदान पक्के झाले असते. ते आम्ही केले तेव्हा 14 शेळ्या आणि 5 करडे गेली होती. बाजारभावाने 1,24,500 रुपये.

त्यानंतरची फरफट वेगळीच. ठाण्यात सांगितले गेले की जनावरे रोगाने मेली, त्यात फसवणूक कसली. पशुवैद्यांच्या नोंदणीच्या 1984 च्या पशुवैद्यक परिषद कायद्याचे नाव काढल्यावर ‘ते पशुसंवर्धनवाल्यांकडे न्या’. तिथे म्हणाले, खाजगी माणसावर कारवाई आमच्या हातात नाही, पोलिसांकडे जा. नुकसानभरपाईला शवविच्छेदनाचा दाखला हवा, आणि अनेक दवाखान्यांचा कारभार असलेले अधिकारी येईपर्यंत मढी फुगलेली. वर मलाच विचारले, की 2009 च्या रोगनियंत्रण कायद्याप्रमाणे मालकाने रोगाची खबर द्यायची असते, ती उशिरा का दिली? लशीसाठी दवाखान्याच्या पायऱ्या झिजवल्या, ती खबर नव्हती काय?

बाजारातून आणलेले जनावर किमान तीन आठवडे कळपापासून दूर बांधा. टोचणाऱ्याकडून कुपीवरचा बॅच क्रमांक आणि मुदत लिहून घ्या, पावतीशिवाय एक रुपया देऊ नका, रिकाम्या कुप्या ठेवून घ्या. माझ्याकडे एकही नाही आणि ठाण्यात पहिला प्रश्न तोच आला. तो इसम अजून मोकळा आहे, आणि पलीकडच्या गावात आता दर जनावरी 40 रुपये घेतो, असे कळते.